पोळ्याच्या दिवशीचं विमान

माझ्या धंद्याची एक पंचाईत आहे. देवापुढे हात जोडून 'धंदा जोरात चालू दे' असं मला मागता येत नाही. किराणावाला मागतो, कापूसवाला मागतो, डॉक्टरसुद्धा मनातल्या मनात मागत असेल. पण मी पडलो क्रेनवाला. माझा फोन वाजतो तेव्हा कोणाचं तरी काही तरी उलटलेलं असतं. म्हणून मी देवाला एवढंच म्हणतो, बाप्पा, उलटणारं उलटणारच असेल तर आतला माणूस शाबूत ठेव, बाकीचं मी सरळ करतो. इतक्या वर्षांत त्यानं बऱ्याच वेळा ऐकलं. जेव्हा ऐकलं नाही ते प्रसंग मी इथे लिहिणार नाही. सणासुदीला ते वाचून कोणाच्या घशाखाली चकली उतरायची नाही.

मी नाचणगावचा. पुलगावहून आर्वीकडे जाणाऱ्या सडकेला माझी हायड्रा उभी असते. पुढे लांब लोखंडी दांडा, त्याच्या टोकाला हूक आणि जेमतेम एका माणसाची केबिन, अशी ती पिवळी क्रेन तुम्ही कुठे ना कुठे पाहिलीच असेल. आमच्या धंद्याचं ऑफिस म्हणजे माझी बायको मंगला. फोन तीच घेते. मी फोनवर लवकर तापतो असं तिचं म्हणणं आहे आणि ते खरं आहे. समोरचा माणूस घाबरलेला असतो, एकाचं दोन सांगतो, आणि माझं डोकं फिरतं. मंगला मात्र शांतपणे विचारते, "काय पडलं? कायच्यावर पडलं? अंदर मानूस हाय का?" बस. एवढ्यावरून कोणता पट्टा घ्यायचा आणि किती घाई करायची ते ठरतं. तिसरा आमचा शेषराव. पट्टे आणि दोर बांधणं त्याच्याकडे. अंगानं काडीसारखा, आणि दिवसभरात तोंड उघडलंच तर तंबाखू मागायला.

(लिहिताना मी 'मला-तुला' करतो, बोलताना 'मले-तुले'. मंगला म्हणते, "कागद हाती आला का तुमी पुन्याचे होता." होतो खरा.)

लोकांना वाटतं, ह्या धंद्यात ताकद लागते. ताकद मशीनला असते. माणसाला लागते ती थांबायची अक्कल. एखादी गाडी चिखलात रुतली की ती नुसती रुतत नाही, चिखल तिला धरून ठेवतो. तुम्ही झटका दिला की तोही झटका देतो, मग दोर तुटतो नाही तर गाडीचा अर्धा भाग हातात येतो. म्हणून आधी दोर ताणायचा आणि थांबायचं. चिखलाला विचार करायला वेळ द्यायचा. मग पुन्हा बोटभर ताणायचं आणि पुन्हा थांबायचं.

आर्वीच्या बाजारात कापसाचा ट्रक नालीत कलंडला होता तेव्हा मी असाच ताण देऊन बाजूच्या टपरीवर चहा प्यायला बसलो. ट्रकमालक मारवाडी गृहस्थ, जिवाचा नुसता तडफडाट चाललेला. म्हणाला, "भाऊ, तुमाले गाडी काढाले बलावलं का चहा प्याले?" मी म्हटलं, "शेटजी, तुमी बी घ्या." कप खाली ठेवेपर्यंत ट्रकनं नालीतून अंग सोडवलं होतं. शेटजी पुढे प्रत्येक दिवाळीला मिठाई पाठवायचे आणि भेटले की विचारायचे, "क्रेनवाले, आज चहा प्याला का नाई?"

दुसरं एक गिऱ्हाईक होतं, नवरदेव. लग्नाला आठवडा झालेला, सासऱ्यानं दिलेली नवी कोरी गाडी त्यानं कालव्यात घातली. अंगाला खरचटलंही नव्हतं. पण तो माझे पाय धरायला लागला, की सासरा दुपारच्या गाडीनं येतो आहे, त्याच्या आत गाडी धुवून पुसून दारात पाहिजे. मी गाडी काढली, शेषरावानं तिच्यातली मासोळी काढली, आणि दोन्ही कामं झाल्यावर सासरा आला. त्यानं आल्या आल्या नाक वर करून विचारलं, "जवाईबुवा, हा वास कायचा येऊन राह्यला?" जवाई माझ्याकडे पाहायला लागला. मी म्हटलं, "मालक, नव्या गाडीले असाच येते." असं खोटं मी धंद्यात एकदाच बोललो.

आता विमानाचं सांगतो. कारण ह्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी त्याचसाठी माझ्यामागे लकडा लावला आहे.

आमची हायड्रा वर्षातून एक दिवस बंद असते, पोळ्याला. माझ्या बापाकडे बैल होते. त्याच्या माघारी वावर, म्हणजे शेत, वाटण्यात गेलं, बैल गेले, आणि सणाच्या दिवशी घर कसं ओकंओकं वाटायला लागलं. म्हणून मी हायड्राच धुऊन काढायला लागलो. तिच्या दांड्याला झेंडूची माळ, टोकाला बैलाला बांधतात तसं कागदी बाशिंग, आणि पुढ्यात पुरणपोळीचा निवद. गाववाले हसतात. हसू द्या. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. आदल्या दिवशी त्याचा खांदा हळद-तुपानं चोळतात आणि त्याच्या कानात म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." म्हणजे त्या दिवशी तो घरचा पाहुणा असतो. पाहुण्याला कामाला लावणाऱ्याला आमच्याकडे माणसात धरत नाहीत.

तर पोळ्याची दुपार. दोन दिवसांच्या पावसानंतर ऊन पडलं होतं. मी जेवून अंग टाकलं होतं. मंगला फोनवर बोलताना ऐकू आली. तिनं पहिला प्रश्न विचारला आणि गप्प झाली. मग म्हणाली, "खेळन्यातलं का?" मग पुन्हा गप्प. मग तिसरा प्रश्न तिनं जरा चढ्या आवाजात विचारला. फोन ठेवून ती माझ्या उशाशी आली.

"उठा. धामणझरीत विमान पडलं."

"आज पोळा हाय. गंमत नोको करू."

"नाल्यात पडलं. लहान हाय, शिकाऊ लोकाइचं. अंदर पोरगी हाय एक. जित्ती हाय. पाय फसला तिचा आन् नाल्याले पूर हाय."

मी म्हटलं, "हायड्रा आज बंद असते." खरंच म्हटलं. सवयीनं तोंडातून गेलं.

मंगला म्हणाली, "मी माफी मागतो हायड्राची. तुमी निघा." आमच्याकडे बायकाही 'मी मागतो' असंच म्हणतात. तिनं जाऊन खरंच हायड्राला हात लावून कपाळाला लावला आणि निवदाचं ताट बाजूला घेतलं.

शेषराव मोटारसायकलवर पट्टे घेऊन पुढे गेला. हायड्रा काही पळणारी वस्तू नाही. बाशिंग काढायलाही वेळ नव्हता, त्यामुळे नवरदेवासारखी सजलेली क्रेन, आणि आत शिव्या घालत बसलेला मी, अशी आमची वरात आर्वीच्या सडकेनं निघाली. बसस्टॉपवरची माणसं हसत होती. मी मनातून पार हादरलेलो होतो. ट्रक काढले, बस काढली, विहिरीतून म्हैस काढली. विमान मी कधी हात लावून पाहिलंही नव्हतं.

धामणझरीची आखर, म्हणजे पोळा भरायची मोकळी जागा, पावसानं चिखल झाली होती. म्हणून त्या वर्षी गावकऱ्यांनी आंब्याच्या पानांचं तोरण सडकेवरच बांधलं होतं. नवी, रुंद, एका रेषेत जाणारी सडक, आणि तिच्यावर त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत सजवलेल्या बैलजोड्या. रंगवलेली शिंगं, झुली, घुंगरं. माझी हायड्रा तोरणाच्या अलीकडेच थांबवली. माणसं सगळी सडकेखालच्या सोयाबीनच्या वावरात होती आणि वावर संपतं तिथे, नाल्याच्या काठावर, पांढरी शेपटी आभाळाकडे करून ते विमान उभं होतं. नाक खाली नाल्यात.

एकानं धावत येऊन मला सांगितलं. विमानाचा आवाज वरतीच बंद पडला. ते सडकेवर इतकं खाली आलं की लोकांनी डोकी खाली घातली, बैल बुजले. मग कसंबसं पुन्हा थोडं वर गेलं, कलतं झालं, आणि पुंडलिकरावाच्या सोयाबीनमध्ये टेकलं. चाकं चिखलात धरली गेली, ते नाचत नाचत गेलं आणि नाल्यात तोंड खुपसलं. "कसं चालवते का मालूम नाई," तो माणूस म्हणाला, "टेकवाच्या टायमाले गडबडली."

वावरात उतरलो तर पाय पोटरीपर्यंत आत. आमची काळी माती ओली झाली की कोणाची नसते. एक ट्रॅक्टर अर्ध्यात फसून बसलाच होता. माझी हायड्रा त्या वावरात घातली असती तर तिला काढायला दुसरी क्रेन लागली असती. शिवाय पेट्रोलचा वास सुटलेला. तिथे कोणतंच इंजिन नेणं म्हणजे पोरीला जाळायला नेणं.

काठावर पोटावर पालथा पडून मी आत पाहिलं. पोरगी बावीस-तेवीसची. कपाळावर खोक, तोंड पांढरं पडलेलं, पण डोळे शुद्धीवर. पट्ट्यात अडकून पुढे लोंबत होती. खालचा पत्रा आत दबला होता आणि उजवा पाय खालच्या पेडलांमध्ये करकचून धरला होता. पाणी तिच्या गुडघ्यांना लागत होतं. वर कुठे तरी पाऊस चालू असावा, कारण नाला फुगतच होता.

"काका, पेट्रोलचं बटन मी बंद केलंय," ती म्हणाली. बोली साताऱ्याकडची. "पण वास येतोय. पाय निघत नाही."

"नाव काय बेटा तुहं?"

"समिधा."

"मी क्रेनवाला. घाबरू नोको."

"तुमच्याआधी पोरांनी ओढून पाहिलं, तर ते आणखी खाली गेलं."

तेच झालं होतं. गावातल्या जवान पोरांनी पंख धरून हिसका दिला आणि विमान नाल्यात हातभर आणखी सरकलं. पोरगी किंचाळली. तेव्हापासून कोणाची हात लावायची छाती होत नव्हती. ॲम्ब्युलन्स सडकेला येऊन थांबली होती. आग विझवणारी गाडी निघाली होती, पण ती येईपर्यंत पाणी थांबणार नव्हतं.

काम मला दिसत होतं. विमान शेपटीकडे बोट-दोन बोटं मागे आलं की पुढचा दाब सुटेल आणि पाय मोकळा होईल. पण ते झटका न देता मागे घ्यायचं, आणि घेतलेलं पुन्हा खाली जाऊ द्यायचं नाही. आणि बांधायचं कशाला? मी त्या शेपटीला हात लावला, तर डब्याच्या पत्र्यासारखी हलकी. मी सरळ पोरीलाच विचारलं, "बेटा, तुह्या विमानाले दोर कुठं बांधू? कुठं मजबूत हाय?"

तिनं डोळे मिटले. मला वाटलं शुद्ध गेली. मग म्हणाली, "मागच्या दोन चाकांच्या दांड्या. पोटाला जिथं लागतात तिथं, मुळाशी. शेपटीची कडी धरू नका, उपटून येईल."

शेषराव लगेच खाली सरकला. पट्टे दांड्यांच्या मुळाशी बसवून त्यानं नुसती मान हलवली. पण तिथून सडकेपर्यंत पुरेल एवढा दोर माझ्याकडे नव्हता. तेव्हा पहिल्यांदा पुंडलिकराव बोलला.

पुंडलिकराव म्हणजे ज्याच्या वावरात हे चाललं होतं तो. साठीच्या पुढचा, रुंद खांद्यांचा, गावातली मानाची जोडी त्याची. ती तोरणाखाली सगळ्यांत पुढे उभी होती. तो म्हणाला, "दोराची काय चिंता? आज पोळा हाय. गावात हरेक बैलाच्या गळ्यात नवा कासरा हाय." खरंच. पोळ्याला आमच्याकडे बैलाचा सगळा साज नवा घेतात, दोरांसकट. कासरे भराभर निघाले. बायकांनी तीन तीन कासरे एकत्र पिळले, आणि घटकाभरात बैल सडकेवर मोकळ्या गळ्यानं उभे आणि वावरात हा एवढा लांब, कोरा, जाड दोर तयार.

मी म्हटलं, "आता पुंडलिकराव, जोडी आना. मशीनच्या जोरानं हे कासरे तुटतीन. सावकाश ओढाले बैलासारखं कोनी नाई."

तो म्हणाला, "बैल नाई जुंपनार."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पुन्हा म्हटलं. तो पुन्हा म्हणाला, "आज नाई. काल म्या त्याइच्या खांद्यावर हात ठेऊन आवतन देल्लं. आज जू नाई ठेवत."

माझा तोल गेला. आधी सांगितलं की मी तापतो. म्हटलं, "अरे बाप्पा, पोट्टी मरून राह्यली तिथं आन् तुमी आवतनाचं सांगता? माह्या हायड्राची बी सुट्टी होती आज. आली ना मंग?" आजूबाजूचे दोघं-तिघं माझ्या बाजूनं बोलले. कोणी तरी म्हणालं, मी देतो माझी जोडी, आणि त्याच्या म्हाताऱ्या आईनं त्याचा हात धरला. क्षणभर मला त्या अख्ख्या गावाचा संताप आला.

पुंडलिकराव माझ्यावर उखडला नाही. त्यानं डोक्यावरचा नवा फेटा काढून बायकोच्या हातात दिला.

"म्या पोट्टीले मरू द्या म्हटलं का? बैल नाई म्हटलं. काऊन, वर्षभर ते ओढते ना आपलं? एक दिस आपुन ओढू." मग मागे वळून म्हणाला, "बंड्यांचे जू आना रे."

बंडी म्हणजे बैलगाडी. तीन जू आली, धुऊन हळदकुंकू लावलेली. पुंडलिकराव पहिल्या जुवाखाली डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला आणि त्यानं खांदा दिला. मग उजव्या अंगाला त्याचा भाऊ. मग बघता बघता एकेका जुवाखाली मावतील तेवढी माणसं घुसली. सणाचे पांढरे कपडे, कपाळाला गंध. पुंडलिकरावाची बायको वच्छलाकाकू फेटा धरून उभी होती, ती म्हणाली, "आज तरी घरचं मानूस कामाले लागलं." बायका हसल्या. इतक्या धास्तीतही हसल्या. माझा राग कुठल्या कुठे गेला.

मी पुंडलिकरावाला म्हटलं, "झटका नोका देऊ. मानसं ओढते ते हैय्या करून ओढते, ते नाई पाह्यजे."

"बैल आधी खांदा देते, मंग पाय उचलते," तो म्हणाला. "हे आमाले शिकवाचं नाई. तुमी हाका."

दोराचं एक टोक विमानाला, मध्ये ही तीन जू, आणि पुढचं टोक सडकेवरच्या हायड्राच्या हुकाला वेढा मारून माझ्या हातात. हायड्रा ओढणार नव्हती. माणसं जेवढं मागे घेतील तेवढा ढिला दोर मी हुकाभोवती खेचून घेणार आणि धरून ठेवणार. म्हणजे त्यांचा पाय घसरला तरी विमान खाली जाणार नाही. शेषराव पोरीजवळ आत घुसला. एवढ्याशा जागेत तोच मावू शकत होता. त्याचं डोकं तिच्या पायाशी आणि छाती पाण्यात.

आयुष्यात मी बैल हाकले नाहीत. बापाचे होते तेव्हा लहान होतो. मी हुकाशी उभा राहून म्हटलं, "चला, मायबापहो. सावकाश."

खांदे पुढे झाले. दोर वावरातून उचलला गेला, त्यातलं पाणी पिळून निघालं. "थांबा." सगळे थांबले. जुवाखाली मांड्या थरथरत होत्या, पाय चिखलात रुतत होते, पण एकानंही खांदा काढला नाही. पुन्हा, "चला." विमानाच्या पोटातून करकर आवाज आला. "थांबा."

नाल्यातून शेषरावाचा आवाज आला, "बोटभर पाह्यजे अजून."

तिसऱ्या वेळेला मागच्या जुवातल्या एकाचा पाय सरकला. तो पडला, त्याच्यावर दुसरा पडला, जू तिरपं झालं आणि दोर एकदम हलका झाला. आत पोरगी "आई" म्हणून ओरडली. माझ्या तळहातातून कासरा सर्रकन गेला, कातडी घेऊन गेला, पण हुकावरचा वेढा बसला आणि दोर थांबला. विमान थांबलं. हायड्राच्या दांड्यावरचं बाशिंग नुसतं थरथरत होतं. पडलेले उठले, त्यांनी पुन्हा खांदा दिला, आणि पुंडलिकराव, ज्याची मान आता जुवाखाली लालबुंद झाली होती, तो मला म्हणाला, "हाका ना भाऊ. काऊन थांबले?"

"चला."

ह्या वेळी विमान मागे आलं. मोठं काही नाही, बोट-दोन बोटं. आणि शेषराव, ज्याच्या तोंडून मी इतक्या वर्षांत कधी मोठा आवाज ऐकला नव्हता, तो नाल्यातून ओरडला, "निंघाला. पाय निंघाला."

दोर मी हुकाला पक्का बांधला तेव्हा माझे दोन्ही हात रक्तानं भरले होते, हे मला वच्छलाकाकूनं दाखवलं तेव्हा कळलं.

पुढचं आधी सांगून टाकतो. पोरीचा घोटा मोडला होता, तो जुळला. ती पुन्हा उडते. मंगलाला फोन करते, मला नाही, कारण मी फोनवर नीट बोलत नाही असं तिलाही कोणी तरी सांगितलं आहे. विमान बंद का पडलं ते पाहायला साहेब लोक आले, आणि ते उचलायला शहरातून मोठी क्रेन आली. मला बोलावलं नाही. त्याचं थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मी सडकेवरून पाहत उभा होतो आणि त्यांनी पट्टे कुठे लावले ते बघत होतो. दांड्यांच्या मुळाशीच लावले. तळहातावर अजून एक आडवी रेघ आहे. थंडीत तडकते.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दुपारचं. पोरीला खाटेवर घालून सडकेवर आणलं. ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरीणबाईंनी पायाला फळी बांधली, हाताला सुई लावली. माणसं चिखलानं अशी माखली होती की कोण कोण ते ओळखू येत नव्हतं. पुंडलिकराव ॲम्ब्युलन्सच्या दाराशी आला आणि बापानं लेकीला बोलावं तसं तिला रागे भरायला लागला.

"काऊन वं बाई, एवढी चांगली सडक होती. सरळ, कोरडी. तुले दिसली नाई का? सडक सोडून माह्या चिखलात काऊन आली?"

पोरीनं त्याच्याकडे पाहिलं. थकलेली होती, हळू बोलली.

"दिसली की काका. सडकेवरच उतरणार होते. शेवटपर्यंत खाली आले. खाली सगळं रंगीत दिसत होतं, आधी समजेना काय ते. मग शिंगं दिसली. सडकेवर तुमचे बैल उभे होते."

इतका वेळ ज्या माणसाला ती 'टेकवाच्या टायमाले गडबडली' असं वाटत होतं, तो माझ्या शेजारी उभा होता, त्यानं तोंड फिरवलं.

तोरण अजून बांधलेलंच होतं. ते तुटल्याशिवाय मानाची जोडी जागची हलवत नाहीत. हलवली तर गावाला वर्ष चांगलं जात नाही म्हणतात, आणि पुंडलिकराव असल्या गोष्टी किती पाळतो ते मी नुकतंच पाहिलं होतं. तो तोरणाखाली गेला. जोडीच्या गळ्यात कासरा नव्हता. तो नुसता त्यांच्या पुढे चालायला लागला आणि ते दोन्ही पांढरे बैल त्याच्या मागे मागे, घुंगरं वाजवत, ॲम्ब्युलन्सच्या दारापर्यंत आले. तोरण मागे तसंच राहिलं. गावकऱ्यांनी बाजूला सरून वाट दिली.

ड्रायव्हर म्हणाला, "काका, निघू द्या, उशीर होऊन राह्यला."

"एक मिनट," पुंडलिकराव म्हणाला. त्यानं बैलाची मान धरून खाली वाकवली आणि त्याचं डोकं दाराच्या आत केलं. "हात लाव बेटा त्याले. तुह्यामुळं उभा हाय तो."

पोरीनं सुई लावलेला हात उचलून बैलाच्या कपाळावर ठेवला. वच्छलाकाकूनं ओवाळायचं ताट आणलं होतं. बैलाला लावायचं कुंकू तिनं आधी पोरीच्या कपाळाला लावलं.